केस, कपडे आणि त्वचा: कुठलं सिलिकॉन कुठे वापरायचं आणि कसं

सिलिकॉन म्हटलं की दोनच टोकाची माणसं भेटतात, एकाला ते अजिबात नको असतं कारण "केमिकल आहे, केस गळतात", आणि दुसरा रोज दोनदा सीरम चोपडतो आणि वर तक्रार करतो की केस चिकट झालेत. मी कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम करतो, इचलकरंजी भागात, आणि आमच्याकडे कापडाला मऊ फील द्यायला जे सॉफ्टनर लागतं ते आणि तुमच्या कंडिशनरमध्ये जे असतं ते एकाच घराण्यातलं आहे. त्यामुळे नातेवाईक, शेजारी सगळे बाटल्यांचे फोटो पाठवून विचारत असतात की हे लावू का. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

मुख्य गोष्ट एवढीच की "सिलिकॉन चांगलं का वाईट" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. सिलिकॉनच्या साखळीला बाजूला काय जोडलंय आणि ते कशावर लावताय, या दोन गोष्टी बघायच्या, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

आधी थोडं आतलं

साधं सिलिकॉन तेल म्हणजे डायमेथिकोन. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन अशी लांबच लांब माळ आणि प्रत्येक सिलिकॉन अणूला (इथे सिलिकॉन म्हणजे मूलद्रव्य) दोन मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे. ही माळ फार लवचीक असते आणि तिचा पृष्ठताण कमी, २०-२१ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, पाण्याचा ७२ असतो, म्हणून ते कुठेही ठेवलं की पसरत जातं आणि पातळ थर बसतो. बोटाला जो गुळगुळीतपणा लागतो तो या थरामुळे. पण डायमेथिकोनला केसाशी किंवा कापसाशी काही खास ओढ नाही, ते नुसतं वर बसतं.

आता या माळेतले काही मिथाइल गट काढून दुसरं काहीतरी लावलं की गुण पार बदलतात. अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाला गट, लावला की ते केसाला, कापसाला धरून बसतं. पॉलिइथर (पाण्यात मिसळणारी साखळी) लावलं, म्हणजे लेबलवर पीईजी-१२ डायमेथिकोन वगैरे दिसतं ते, की पाण्याशी जमतं, धुतलं की निघतं. फिनाइल गट लावला (फरशी पुसायचं फिनाइल नव्हे) की चमक वाढते कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवायची ताकद, साध्या डायमेथिकोनच्या १.४० वरून १.४६ च्या आसपास जातो. लांब मेणासारखी साखळी लावली, सेटिल किंवा स्टिअरिल, की क्रीमसारखं जाडसर होतं. आणि मिथाइलच्या जागी नुसता हायड्रोजन ठेवला तर तेच घराणं कापडाला पाणी न धरणारं बनवायला वापरतात! एकाच माळेपासून पाणी शोषणारा टॉवेलही आणि पाणी झटकणारं कापडही, हे मला आजही भारी वाटतं.

लेबल कसं वाचायचं

बाटली उलटी करा आणि शेवटी "कोन", "कोनॉल" किंवा "सिलॉक्सेन" येणारे शब्द शोधा. यादीत एक टक्क्याच्या वरचे घटक जास्त ते कमी अशा क्रमानं असतात, त्याखालचे मात्र कसेही लिहिता येतात, म्हणून परफ्यूम किंवा प्रिझर्व्हेटिव्हच्या नंतर आलेलं सिलिकॉन बहुधा नावापुरतं असतं.

अमोडायमेथिकोन दिसलं आणि त्याच्या मागोमाग सेट्रिमोनियम क्लोराइड आणि ट्रायडेसेथ-१२ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ते बहुतेक वेळा त्याच इमल्शनचे सोबती आहेत, इमल्शन म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, ते तसे पसरून ठेवायला हे लागतात. सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे उडून जाणारं, लावताना ओलं लागतं आणि थोड्या वेळात हवेत जातं, मागे जड सिलिकॉनचा थर राहतो. डायमेथिकोनॉल आणि जास्त व्हिस्कॉसिटीचं (घट्ट) डायमेथिकोन हे टिकणारं, सीरमचा खरा "माल" तोच.

केसांना

निरोगी केसाच्या अगदी वरच्या थरावर एक नैसर्गिक चरबीचा लेप असतो, पाणी न धरणारा. ब्लीच, परमनंट कलर, स्ट्रेटनिंग यानं तो निघून जातो आणि खालचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथे ऋणभार जास्त असतो. अमाइनवालं सिलिकॉन आम्लधर्मी कंडिशनरमध्ये धनभारित असतं, त्यामुळे ते जिथे केस जास्त खराब तिथे जास्त बसतं. म्हणूनच कलर केलेल्या, टोकाला फुटलेल्या केसांना अमोडायमेथिकोनचा कंडिशनर जो फरक दाखवतो तो साध्या डायमेथिकोनच्या सीरमनं दिसत नाही. उलट ज्यांनी कधी केसांना काही केलेलंच नाही, बारीक आणि सरळ केस आहेत, त्यांना अमाइनवाल्याची फारशी गरज नसते, पीईजीवालं हलकं पुरतं, नाहीतर केस चपटे होऊन डोक्याला चिकटतात.

वापरायची पद्धत सांगतो. शाम्पू झाल्यावर केस हातानं पिळा, पाणी निथळत असताना कंडिशनर लावला तर तो निम्मा पाण्याबरोबर वाहून जातो. कानाच्या खालून टोकापर्यंत लावा, मुळाशी नाही. मोठ्या दाताच्या कंगव्यानं एकदा विंचरून घ्या म्हणजे सगळीकडे सारखा पोचतो, दोन-तीन मिनिटं थांबा आणि धुवा. अर्धा तास ठेवून काही जास्त मिळत नाही, बसायचं ते पहिल्या काही मिनिटांतच बसतं.

सीरम मात्र धुतल्यावर, केस टॉवेलनं टिपून दमट असताना. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन थेंब, तळहातावर घासून आधी टोकांना आणि हाताला जे उरेल ते वरून. लोक पाच-सहा पंप घेतात आणि मग म्हणतात तेलकट झालं. स्ट्रेटनर वापरणार असाल तर सीरम लावून केस पूर्ण वाळू द्या, ओल्या केसावर तापलेली प्लेट फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आतच बुडबुडे होतात आणि तिथे तो तुटतो, सिलिकॉन त्याला वाचवू शकत नाही. ते उष्णता थोडी हळू जाऊ देतं, थोडी सारखी पसरवतं, इतकंच.

आता खोबरेल तेल. आपल्याकडे हा प्रश्न येणारच. खोबरेल आणि सिलिकॉन एकमेकांचे शत्रू नाहीत, त्यांची कामं वेगळी आहेत. मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ साली छापलेल्या कामात दाखवलं होतं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर प्रथिनं कमी झिजतात, मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही. सिलिकॉन आत शिरत नाही, ते बाहेरून घर्षण कमी करतं. म्हणजे क्रम असा: धुण्याआधी खोबरेल, मग शाम्पू, मग सिलिकॉनचा कंडिशनर. सीरमच्या थरावर तेल चोपडायचं आणि त्यावर परत सीरम, असं करू नका, धूळ धरतं नुसती.

साचण्याबद्दल. डायमेथिकोन आणि डायमेथिकोनॉल रोज लावलं आणि सौम्य सल्फेट नसलेल्या शाम्पूनं धुतलं तर थर वाढत जातो, केस जड होतात, वाळायला वेळ लागतो, चमक असते पण केस लोंबतात. शिकेकाई-रिठ्यातलं सॅपोनिन केस स्वच्छ करतं पण हा थर पूर्ण काढेल अशी अपेक्षा ठेवू नका. महिन्यातून एक-दोनदा सोडियम लॉरेथ सल्फेट असलेल्या साध्या शाम्पूनं दोन वेळा फेस काढून धुवा, बस. आणि मेंदी किंवा कलर लावायच्या आधीच्या धुण्याला तर हे नक्की करा आणि त्या दिवशी कंडिशनर-सीरम काही लावू नका, थर असला की रंग ठिगळासारखा चढतो, पांढरे केस तर अर्धवटच धरतात.

सलूनमध्ये जे "केराटिन ट्रीटमेंट" म्हणून करतात त्यातला पहिल्या आठवड्यातला रेशमीपणा बराचसा सिलिकॉनचाच असतो. त्यातल्या काही मालात फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरले, घशात खवखवलं तर तिथून सरळ उठा. मऊपणाच हवा असेल तर तो चांगल्या कंडिशनरमध्ये कितीतरी स्वस्तात मिळतो.

घरी कंडिशनर करायचा असेल तर

कॉस्मेटिकचा कच्चा माल किरकोळ विकणारे ऑनलाइन आहेत, तिथे अमोडायमेथिकोन इमल्शन मिळतं. १०० ग्रॅमचं माप: डिस्टिल्ड पाणी ८८.५ ग्रॅम, सिटोस्टिअरिल अल्कोहोल ४, बीटीएमएस-५० (केस मऊ करणारा, तेल-पाणी जोडणारा मेणासारखा पदार्थ) ३, अमोडायमेथिकोन इमल्शन ३, फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं प्रिझर्व्हेटिव्ह १, आणि उरलेला अर्धा ग्रॅम सुगंध आणि सायट्रिक ॲसिडच्या द्रावणासाठी. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, चमच्यानं मोजू नका.

पाणी एका भांड्यात, मेणासारखे दोन पदार्थ (सिटोस्टिअरिल आणि बीटीएमएस) दुसऱ्या भांड्यात, दोन्ही गरम पाण्यात ठेवून ७० ते ७५ अंशांवर न्या, मग पाणी मेणात हळूहळू ओतत ढवळा, पांढरं होईल, जाड होईल. आता थांबायचं. चाळीसच्या खाली येईपर्यंत हलक्या हातानं ढवळत राहा आणि मगच सिलिकॉन इमल्शन, प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध टाका. गरम असताना टाकलं किंवा हँड ब्लेंडर जोरात फिरवला तर इमल्शन फुटतं आणि वर तेलाचे बारीक डोळे दिसायला लागतात, तो बॅच मग केसाला एका जागी चिकट आणि दुसऱ्या जागी कोरडा लागतो. शेवटी पीएच पट्टीनं बघून सायट्रिकनं ४ ते ४.५ वर आणा. केसाचा पृष्ठभाग साधारण ३.७ च्या वर ऋणभारित असतो आणि अमाइन आम्लात धनभारित, म्हणून हीच जागा दोघांना जमते. प्रिझर्व्हेटिव्ह "नैसर्गिक हवं" म्हणून गाळू नका, पाणी आहे तिथे बुरशी येणार, आणि ती बऱ्याचदा दिसायच्या आधीच आलेली असते. मनगटावर थोडं लावून एक दिवस बघा, मग डोक्याला.

कापडाला

इथे मी जरा जास्त लिहिणार कारण रोजचं काम आहे, आणि छोटे युनिटवाले, घरगुती डाय-प्रिंट करणारे, बुटीकवाले यांना उपयोग होईल.

अमिनो सिलिकॉन, म्हणजे वर सांगितलेलं अमाइनवालं, त्याचं मायक्रोइमल्शन (फार बारीक थेंबांचं इमल्शन) सुती, पॉलिएस्टर, ब्लेंड सगळ्यावर चालतं आणि फील सगळ्यात भारी तेच देतं. पण पांढऱ्यावर आणि फिक्या शेडवर जपून. अमाइन उष्णतेनं ऑक्सिडाइज होऊन पिवळं पडतं, स्टेंटरवर (कापड ताणून गरम हवेत वाळवायचं मशीन) १५०-१६० अंशांत कापड गेलं की सकाळी पांढरंशुभ्र असलेला लॉट संध्याकाळी पिवळट दिसतो. पांढऱ्याला कमी अमाइन व्हॅल्यूचं (अमाइन कमी असलेलं) किंवा "नॉन-यलोइंग" म्हणून विकतात ते घ्या, आणि तरी आधी मीटरभर तुकडा तुमच्याच तापमानाला चालवून ट्रीट न केलेल्या तुकड्याशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून बघा. ट्यूबलाइटखाली बघून लॉट सोडू नका.

टॉवेलला साधं अमिनो सिलिकॉन नाही. सोलापूरचा टॉवेल असो नाहीतर कुठलाही, त्याचं पहिलं काम पाणी टिपणं. पॉलिइथर जोडलेलं हायड्रोफिलिक सिलिकॉन त्यासाठीच असतं, हात मऊ लागतो आणि पाणीही शोषतं, फील थोडा कमी मिळतो पण ते चालवून घ्यायचं. तपासायची रीत सोपी: कापड सपाट ताणून धरा आणि थोड्या वरून पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर चुकीचं फिनिश, लगेच पसरून आत गेला तर बरोबर. घरी नवीन टॉवेल आणला आणि तो अंगावरून नुसता घसरतोय, पाणी टिपतच नाही, तर त्यावर हेच दुकानातल्या मऊपणासाठीचं फिनिश असतं, दोन-तीनदा गरम पाण्यात डिटर्जंटनं धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नका.

डोसबद्दल. पॅडिंगला (कापड द्रावणात बुडवून रोलरमधून पिळणं) लिटरमागे १० ते ३० ग्रॅम असं सगळे सांगतात पण तो आकडा सॉलिड, म्हणजे पाणी उडाल्यावर उरणारा भाग, किती यावर आहे. बाजारात १० टक्क्याचाही माल मिळतो आणि ३० टक्क्याचाही, दोन्ही दिसायला तसेच, पाण्यासारखे पारदर्शक. स्वतः बघा: छोट्या काचेच्या बशीत २ ग्रॅम माल वजन करून घ्या, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि परत वजन करा. ०.२ ग्रॅम उरलं तर १० टक्के, ०.६ उरलं तर ३०. आणि त्यातही उरलेलं सगळं सिलिकॉन नसतं, मायक्रोइमल्शनमध्ये इमल्सिफायर (तेल पाण्यात धरून ठेवणारा) भरपूर असतो आणि तोही बशीत उरतो. म्हणून सॉलिड सारखं दाखवणारे दोन माल फीलमध्ये वेगळे निघतात. भाव किलोचा न बघता शेवटी एका मीटरला किती पडला ते काढा.

आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी, सिलिकॉनचे डाग. तेलासारखे गडद ठिपके, कुठेही, आणि निघता निघत नाहीत. कारण एकच, बाथमध्ये (कापड बुडवायच्या द्रावणात) इमल्शन फुटलं. का फुटलं ते शोधायचं. कापडात आधीच्या प्रोसेसचा अल्कली राहिला आणि पीएच वर गेला, किंवा धुलाईचं ॲनायॉनिक (ऋणभारित) साबण, ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरेपणा उजळवणारं रसायन) उरलं आणि त्याची धनभारित सॉफ्टनरशी गाठ पडली, किंवा बोअरचं कडक पाणी, किंवा जेट मशीनमध्ये (द्रावणाच्या झोतानं कापड फिरवणारं मशीन) पंपाचा मार. त्यामुळे कापड शेवटच्या वॉशनंतर ॲसिटिक ॲसिडनं न्यूट्रल करा, बाथ ५ ते ५.५ पीएचला ठेवा, आणि सॉफ्टनर आधी साध्या पाण्यात पातळ करून मगच बाथमध्ये ओता.

लॉट लावायच्या आधी बादलीची टेस्ट करा, हे मी प्रत्येक नव्या पोराला शिकवतो. ज्या कापडाला फिनिश द्यायचंय त्याचा तुकडा थोड्या पाण्यात उकळा, ते पाणी गार करून त्यात तुमच्या प्रमाणात सॉफ्टनर टाका, काठीनं पाच मिनिटं जोरात घुसळा आणि काचेच्या ग्लासात ठेवून द्या. तासाभरानं उजेडासमोर धरून पृष्ठभाग आणि कडा बघा. कडेला तेलकट रिंग किंवा वर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला तर तो लॉट लावू नका, आधी वॉशिंग परत करा. ग्लासभर पाण्यानं हजार मीटर कापड वाचतं.

सिलिकॉन लागलेलं कापड परत डाय करायचं तर आधी स्ट्रिप करावंच लागतं, म्हणजे तो थर काढावाच लागतो, तसंच टाकलं तर शेड अनइव्हन येते. मेंदीच्या आधीच्या धुण्याचं जे सांगितलं ते हेच. घरच्या सुती साड्या, नऊवारी, ज्यांना खळ देऊन कडकपणा हवा असतो, त्यांना कंडिशनर लावून वर खळ देण्यात अर्थ नाही, दोन्ही वाया जातं. आणि पैठणीवर घरी कुठलाही प्रयोग नको.

त्वचेला

इथे थोडक्यात. डायमेथिकोनचे रेणू मोठे असतात, त्वचेत शिरत नाहीत, वर हवा-ओलावा थोडा जाऊ देणारा थर बनवतात. पेट्रोलियम जेलीइतका ओलावा ते अडवत नाही पण चिकटही लागत नाही, म्हणून आपल्या दमट हवेत, मुंबई-कोकणात वगैरे, लोकांना ते जास्त सोसतं. अमेरिकेच्या एफडीएनं त्वचा-संरक्षक म्हणून डायमेथिकोनला १ ते ३० टक्के अशी मर्यादा दिलेली आहे. भांडी-धुण्यानं हात फुटतात त्यांनी कामाच्या आधी, हात पूर्ण कोरडे करून, डायमेथिकोनचं बॅरिअर क्रीम बोटांच्या बेचक्यांत नीट लावावं. ओल्या हाताला लावलं तर साबणाचं पाणी खाली अडकतं आणि त्रास वाढतो. जखम वाहत असेल, बुरशीचा नायटा असेल तर आधी डॉक्टर.

सनस्क्रीन लावताना रबरासारखे गोळे निघतात ही तक्रार फार येते. खाली पाण्याचं जेल आणि वर सिलिकॉनचं, किंवा उलट, आणि मधे वाळायला वेळ दिला नाही की ते होतं. खालचा थर पातळ लावा, चार-पाच मिनिटं जाऊ द्या, मग वरचा न चोळता थापटून बसवा. सनस्क्रीनचं प्रमाण मात्र कमी करू नका, कमी करायचं तर खालचं मॉइश्चरायझर करा.

ऑपरेशनच्या किंवा भाजल्याच्या उंचवट्याच्या व्रणावर सिलिकॉन जेल शीट वापरतात, ती जखम पूर्ण बंद झाल्यावरच, दिवसातले निदान १२ तास, आणि दोन-तीन महिने सलग. चार दिवस लावून सोडली तर पैसे फुकट. रोज शीट आणि त्वचा दोन्ही सौम्य साबणानं धुवून वाळवायची, नाहीतर घामोळं उठतं.

काय टाळायचं

सायक्लोटेट्रासिलॉक्सेन आणि सायक्लोपेंटासिलॉक्सेन, धंद्यात ज्यांना डी-४, डी-५ म्हणतात, ही लवकर विघटित होत नाहीत म्हणून युरोपियन युनियननं धुऊन टाकायच्या मालात ती २०२० पासून ०.१ टक्क्यावर रोखली, आणि २०२४ च्या नव्या नियमानुसार अंगावर राहणाऱ्या मालातही २०२७ पासून रोखणार आहेत, त्यात डी-६ पण आलं. डी-४ वर प्रजननाला घातक असल्याचा संशय म्हणूनही वर्गीकरण आहे. मी तरी घरात नवीन बाटली घेताना सायक्लो नसलेली बघतो, पर्याय भरपूर आहेत. कारखानेवाल्यांनी पुरवठादाराकडून डी-४, डी-५, डी-६ चा आकडा लेखी मागावा, एक्सपोर्टच्या ऑर्डरला तो विचारतातच. उरलेला बाथ गटारात सोडू नका, ईटीपीलाच (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला) जाऊ द्या.

उडून जाणारं सिलिकॉन असलेलं सीरम किंवा स्प्रे लावून लगेच गॅसपाशी, देवापाशी निरांजनाजवळ जाऊ नका, पेट घेऊ शकतं.

आणि बाथरूमच्या फरशीवर सीरम सांडलं तर नुसतं पाणी ओतू नका, पाण्यानं ते पसरतं आणि फरशी आणखी निसरडी होते. आधी जुन्या कागदानं टिपून घ्या, मग भांड्याचं लिक्विड पाणी न घालता थेट टाकून ब्रशनं घासा, कोमट पाण्यानं धुवा, आणि पायानं घासून बघा, अजून सरकतंय असं वाटलं तर परत एकदा. घरात वयस्कर माणूस असेल तर ते होईपर्यंत दार लावून ठेवा.